निळे फुलपाखरू आणि तांबडी मुंगी

वसंतातील या व्याख्यानांच्या यादीत राजकारण, साहित्य आणि अर्थशास्त्र यांच्या पंगतीला एक फुलपाखरू येऊन बसलेले पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. फुलपाखरू हा मुलांच्या धड्याचा किंवा कवींच्या उपमांचा विषय, त्याला इतिहास कसला, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु आम्ही ज्या फुलपाखराची हकीकत आज सांगणार आहोत, त्याला चांगला सव्वादोनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. त्या इतिहासात विद्वान आहेत, हौशी आहेत, समित्या आहेत, कुंपणे आहेत, चुकीचे निदान आहे, आणि अखेरीस एक मृत्यू व एक पुनर्जन्मही आहे. हे सारे घडले इंग्लंडच्या गवताळ टेकड्यांवर. परंतु त्यातून निघणारा प्रश्न सगळीकडचा आहे. आपण एखाद्या जीवाला ओळखतो म्हणजे नेमके काय करतो? त्याचे नाव सांगता आले की ओळख झाली, की त्याचे पोट कशावर भरते आणि त्याचे घर कोणाच्या आधाराने उभे आहे, हे कळले म्हणजे ओळख झाली?

या फुलपाखराला इंग्रजीत ‘लार्ज ब्लू’, म्हणजे ‘मोठे निळे’ म्हणतात. यातील ‘मोठे’ हा शब्द ऐकून कोणी आपल्या नीलवंतासारखे तळहाताएवढे पाखरू डोळ्यांपुढे आणू नये. पंख पसरले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चार-पाच सेंटिमीटरच भरते. त्याच्या कुळातील इतर निळी फुलपाखरे नखाएवढी असतात, म्हणून त्यांच्यात हे मोठे ठरले, इतकेच. ओळखण्याची खूण सोपी आहे. वरचा रंग चकचकीत निळा, कडेला काळपट किनार, आणि पुढच्या पंखांवर काळ्या ठिपक्यांची एक वाकडी ओळ. पंख मिटून बसले म्हणजे खालची बाजू दिसते. ती राखी रंगाची असून तिच्यावर पांढऱ्या वलयांतील काळे ठिपके असतात आणि पंखाच्या मुळाशी निळसर-हिरवी धूळ उडाल्यासारखी झाक असते. त्या देशातील इतर निळ्या फुलपाखरांत पुढच्या पंखांच्या वरच्या बाजूला असे ठळक ठिपके नसतात. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यासही त्याची ओळख पटते.

शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याला ‘आरिओन’ हे नाव दिले. आरिओन हा ग्रीक कथांतील एक गायक. त्याच्या गाण्याने मोहून एका डॉल्फिनने त्याला बुडण्यापासून वाचवले, अशी कथा आहे. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे. इंग्लंडमधील या फुलपाखराची नोंद विल्यम ल्युइन याने १७९५ साली आपल्या ग्रंथात केली. म्हणजे नावगाव, रूपरंग आणि राहण्याची ठिकाणे ही माहिती अठरावे शतक संपण्यापूर्वीच कागदावर आली होती. आपल्याकडे सवाई माधवरावांचा अंत झाला तो हाच काळ.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फुलपाखरे जमवण्याचा छंद फार फोफावला. पाद्री, डॉक्टर, वकील, सुटीवर आलेले लष्करी अधिकारी असे सर्व थरांतील लोक हातात जाळी घेऊन टेकड्या पालथ्या घालीत, आणि दुर्मिळ म्हणून या निळ्या फुलपाखराला विशेष मागणी असे. जमवणाऱ्यांना आज आपण नावे ठेवू. पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. त्यांच्या टाचणीवरील नमुन्यांमुळेच कोणत्या साली कोणत्या टेकडीवर हे पाखरू होते, हे आज सांगता येते. या नोंदींवरूनच दिसले की, त्याची ठिकाणे एकेक करून ओस पडत चालली आहेत.

अळी जाते कुठे?

रूप ओळखले, तरी चरित्र मात्र अपुरेच राहिले होते. मादी थाइम नावाच्या वनस्पतीच्या कळ्यांत एकेक अंडे घालते, एवढे माहीत होते. थाइम ही जमिनीसरशी पसरणारी, जांभळट फुलांची सुवासिक वनस्पती. आपल्या घरातील ओव्याच्या वासाशी तिचे नाते आहे, कारण थायमॉल हे द्रव्य दोहोंतही सापडते. अंड्यातून आठवड्याभरात अळी निघते, फुलाच्या आत शिरते आणि फूलच खाऊ लागते. एकाच गुच्छात दोन अळ्या आल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते. दोन-तीन आठवड्यांत ती तीनदा कात टाकते. येथवर सर्व ठीक. पण तिसरी कात टाकल्यावर ती झाडावरून खाली उतरे, आणि मग काहीच कळत नसे. पाळलेल्या अळीपुढे ताजी फुले ठेवा, कोवळी पाने ठेवा, ती तोंड लावीत नसे. अस्वस्थपणे फिरे आणि मरून जाई. अळीची लांबी या वेळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. पुढल्या उन्हाळ्यात मात्र त्याच टेकडीवर पुरी वाढलेली फुलपाखरे उडताना दिसत. मधले दहा महिने ती कोठे असते?

या कोड्याच्या मागे जे लोक वर्षानुवर्षे लागले, त्यांत फ्रोहॉक हा चित्रकार प्रमुख होता. इंग्लंडमधील प्रत्येक फुलपाखराचे अंड्यापासून पंखांपर्यंत चित्रमय चरित्र लिहिण्याचा त्याचा संकल्प होता आणि एवढ्या एका फुलपाखरापाशी तो अडून बसला होता. मुंग्यांचा यात काही हात असावा, असा संशय जाणत्यांना होताच. निळ्या फुलपाखरांच्या कुळातील पुष्कळ अळ्यांच्या पाठीवर एक गोड रस पाझरणारी ग्रंथी असते आणि मुंग्या त्या रसासाठी अळीभोवती घुटमळतात. आपल्याकडे बोरीच्या पानांवर वाढणाऱ्या काही निळ्या फुलपाखरांच्या अळ्यांभोवतीही असाच मुंग्यांचा पहारा असतो. परंतु रस चाटणे निराळे आणि दहा महिन्यांचा संसार निराळा.

१९१५ साली डॉ. चॅपमन या सत्तरी ओलांडलेल्या कीटकशास्त्रज्ञाने थाइमचे एक रोप उपटले. रोपाच्या मुळाशी तांबड्या मुंग्यांचे घर होते, आणि त्या घरात या फुलपाखराची वाढलेली अळी पडलेली होती. चॅपमनने तिच्या पोटातील अन्न सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तेथे मुंग्यांच्या पिलांचे अवशेष निघाले. फुलाच्या पाकळीवर वाढलेली ही अळी तिसऱ्या कातेनंतर मांसाहारी होत होती.

पुढचे काम कॅप्टन प्यूरफॉय याने केले. त्याने अक्रोडाच्या अर्ध्या करवंटीत मुंग्यांना घर करून दिले, त्यांच्या स्वाधीन अळ्या केल्या आणि चिकाटीने पाहत राहिला. त्याला व फ्रोहॉकला जे दिसले ते असे. अळी संध्याकाळच्या सुमारास झाडावरून खाली पडते व तिथेच वाट पाहते. एखादी तांबडी मुंगी येते, मिशांनी चाचपते, पाठीवरचा रस चाटते. हा पाहुणचार पुष्कळ वेळ चालतो. मग अळी एकाएकी आपले अंग आखडून, मानेमागचा भाग फुगवून अशी काही आकृती धारण करते की, मुंगीला ते आपलेच वाट चुकलेले पिल्लू वाटते. ती तिला तोंडात धरते आणि घरी घेऊन जाते. आत गेल्यावर हे ‘पिल्लू’ मुंग्यांची खरी पिले खाऊ लागते आणि मुंग्या त्याला काही करीत नाहीत. हिवाळाभर ते तिथेच निजते, वसंतात पुन्हा खाऊ लागते, आणि तिथेच त्याचा कोश होतो. अळीच्या अखेरच्या वजनापैकी जवळजवळ सर्व वजन मुंग्यांच्या घरातच चढलेले असते. जून महिन्यात एखाद्या सकाळी कोश फुटतो आणि चिमटलेल्या पंखांचे फुलपाखरू मुंग्यांच्या भुयारातून सरपटत वर येते. गवताच्या काडीवर चढून पंख वाळवते, आणि थोडेच दिवस जगते.

संस्कृत कवींनी कोकिळेला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, असे म्हटले आहे. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या कोकिळेच्या पिलाहून ही अळी एक पाऊल पुढे गेली आहे. ती यजमानाचेच लेकरू खाते आणि यजमानाकडूनच लाड करून घेते. हे कसे साधते, याचा उलगडा पुढे होत गेला. अळीच्या अंगावरील द्रव्यांचा वास मुंग्यांच्या पिलांच्या वासाशी जुळतो. २००९ साली इटालियन आणि इंग्रज शास्त्रज्ञांनी याच घराण्यातील एका जवळच्या जातीविषयी असे दाखवून दिले की, तिच्या अळ्या व कोश मुंग्यांच्या राणीसारखा आवाज काढतात आणि मुंग्या त्यांना राणीचा मान देतात. लिनियसने या घराण्यातील एका जीवाला गायकाचे नाव दिले होते, त्या वेळी त्याला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

कुंपण घातले आणि पाखरू गेले

फ्रोहॉकचा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. चरित्र पूर्ण झाले, आता हे पाखरू वाचवणे सोपे, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात उलटेच घडत गेले. जसजसे दिवस गेले तसतशी वसतिस्थाने घटत गेली. मग दोष कोणाचा, हे शोधणे आले. जाळीवाले छांदिष्ट तर समोरच होते. तेव्हा १९३०नंतरच्या दशकात राखीव जागा ठरवून, जमवणाऱ्यांनी आत येऊ नये म्हणून कुंपण घालण्याचा उपाय करण्यात आला. कुंपणाने जमवणारे थांबले. त्यांच्याबरोबर चरणारी गुरेही थांबली. गवत वाढले, आणि काही वर्षांत पाखरू तेथून नाहीसे झाले. त्या वेळी या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही. राखण अपुरी पडली, हवा वाईट झाली, असेच समजण्यात आले.

याच सुमारास इंग्लंडच्या शेतीचे रूप पालटत होते. उतारावरील हलक्या कुरणांत मेंढ्या चारणे परवडेनासे झाले. तरी काही टेकड्यांवरचे गवत आखूड राहिले, ते रानसशांमुळे. मग १९५३ साली मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग इंग्लंडमध्ये पोचला आणि दोन-तीन वर्षांत शंभरांतील पंचाण्णवाहून अधिक ससे मेले. शेतकऱ्यांना बरे वाटले, टेकड्या मात्र गवताने व झुडपांनी भरल्या. १९६२ साली या एका फुलपाखराच्या रक्षणासाठी संयुक्त समिती नेमण्यात आली. थाइम जिवंत होता, तांबड्या मुंग्याही होत्या, कुंपणे होती, समिती होती. तरी पाखरू कमीच होत चालले.

मुंगीची ओळख

१९७२ साली जेरेमी थॉमस हा तरुण शास्त्रज्ञ या कामावर आला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर भागात या फुलपाखराची अखेरची वस्ती उरली होती. थॉमसने उन्हाळ्यांमागून उन्हाळे तेथे मुक्काम केला. त्याची पद्धत एखाद्या दुकानाच्या वहीखात्यासारखी होती. अंडी किती, त्यांतून अळ्या किती निघाल्या, किती खाली उतरल्या, किती मुंग्यांनी उचलल्या, घरातून जिवंत किती बाहेर आली, या प्रत्येक टप्प्याची त्याने जमा आणि खर्च मांडली. त्यावरून कळले की, मुख्य तूट अंड्यांत नाही, फुलांवर नाही आणि जाळीवाल्यांमुळेही नाही. ती आहे मुंग्यांच्या घरात.

तांबड्या मुंग्या म्हणून तोवर ज्यांची नोंद होत आली, त्या एका जातीच्या नव्हत्या. त्या गवतात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती राहतात. मुंगीच्या मिशीचा पहिला दांडा जेथे वाकतो, तेथील आकार भिंगाखाली पाहिल्याशिवाय त्या वेगळ्या काढता येत नाहीत. थाइमखाली भेटेल ती तांबडी मुंगी अळीला घरी नेते, यात शंका नाही. परंतु मिर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या घरात अळी बऱ्यापैकी जगते. इतर जातींच्या घरांत जगण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी कमी असते. पाळलेल्या मुंग्यांना अन्न भरपूर मिळते, म्हणून करवंटीतील प्रयोगात भलत्या जातीची मुंगीही अळीला खपवून घेते. उघड्या माळावरील टंचाईत ती खपवून घेत नाही. प्यूरफॉयच्या यशाने अर्धे सत्य सांगितले होते, आणि पन्नास वर्षे तेच पूर्ण मानले गेले.

आता गवताचा हिशेब लागला. ही मुंगी ऊबप्रिय आहे. इंग्लंड तिच्या मुलखाच्या उत्तरेकडच्या कडेला येते. तेथे तिला दक्षिणेकडे उतरणारी, उन्हाने तापणारी जमीन लागते, आणि गवत सुमारे तीन सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वा इंचापेक्षा उंच चालत नाही. गवत तेवढे वाढले की सावलीने जमिनीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, आणि तेवढ्याने ही मुंगी हटून तिच्या जागी थंडी सोसणारी तिची चुलत बहीण येते. वरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नाही. थाइम तोच, मुंग्या तांबड्याच, मादी नेहमीप्रमाणे अंडी घालते, अळ्या नेहमीप्रमाणे उचलल्या जातात. फक्त त्या चुकीच्या घरी जातात. मेंढी गेली, ससा मेला, गवत बोटभर वाढले, मुंगी बदलली आणि फुलपाखरू संपले, अशी ही साखळी होती. कुंपणाने नेमका तिचा पहिलाच दुवा तोडला होता.

हा उलगडा झाला तेव्हा वेळ निघून गेली होती. अखेरच्या वस्तीत फारच थोडी पाखरे उरली होती, त्यांत १९७६ सालचे कडक अवर्षण आले. आता गवत चारून आखूड केले तरी वंश धरण्याइतकी संख्या राहिली नाही. १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. रोग समजला आणि रोगी गेला, असेच हे झाले.

परत येणे

सुदैवाने ते सर्व जगातून गेलेले नव्हते. युरोपात इतरत्र ते होते. थॉमस आणि त्याचे सहकारी यांनी आधी जमीन तयार केली. झुडपे तोडली, गुरे व तट्टे सोडून गवत आखूड राखले, थाइम फुलण्याच्या दिवसांत जनावरे बाजूला काढली आणि मुंगीची योग्य जात वाढेपर्यंत वाट पाहिली. मग १९८३ साली स्वीडनच्या ओलांड बेटावरून आणलेल्या अळ्या डार्टमूरच्या त्या जागेत सोडण्यात आल्या. पुढील दशकांत सॉमरसेटमधील टेकड्यांवरही पाखरू वसवण्यात आले. २००९ साली या प्रयोगाचा साद्यंत वृत्तांत थॉमस व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. २०१९ साली ग्लॉस्टरशरमधील रॉडबरो कॉमन या गायरानावर १,१०० अळ्या सोडल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात तेथे सुमारे ७५० फुलपाखरे उडाली. त्या गायरानावर दीडशे वर्षांत ते दिसले नव्हते. २०२२ साली दक्षिण इंग्लंडात त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. आखूड गवत राखल्याचा लाभ त्या टेकड्यांवरील इतर दुर्मिळ वनस्पतींना आणि कीटकांनाही झाला.

श्रोतेहो, या हकीकतीतील माणसांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कुंपण घालणारे लोक प्रामाणिक होते आणि त्यांचा जिव्हाळा खरा होता. जे डोळ्यांना दिसते, त्यालाच ते कारण समजले. जाळी घेऊन फिरणारा मनुष्य दिसतो, दोन सेंटिमीटर वाढलेले गवत दिसत नाही. शिवाय गुरांच्या खुरांनी काही नाजूक वस्तू टिकून राहते, हे प्रथमदर्शनी पटणारेही नाही. जपणे म्हणजे हात न लावणे, अशी आपली समजूत असते. येथे मात्र शेकडो वर्षांच्या चराईने घडवलेले रान होते, आणि चराई थांबवणे हाच त्याला हात लावणे होता. उलट, म्हणून सगळीकडे गुरे सोडावी, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. अतिचराईने थाइमही उरत नाही. कोणत्या महिन्यात किती, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जमिनीवर बसून मोजल्याशिवाय मिळत नाही.

आपल्या दख्खनच्या माळांचेही एक दुखणे येथे आठवते. सरकारी दप्तरात गवताळ माळ पुष्कळदा ‘पडीक’ या सदरात पडतो, आणि पडीक म्हटला की तेथे झाडे लावून पुण्य जोडण्याची इच्छा चांगल्या चांगल्या माणसांना होते. परंतु माळावरही फुलपाखरे आहेत, मुंग्या आहेत, धाविक आणि चंडोल आहेत, मेंढपाळांच्या पिढ्या आहेत. भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत गणले जाणारे ‘ग्रास ज्युएल’, म्हणजे गवतातले रत्न, अशाच उघड्या गवतात जमिनीलगत उडते. त्याच्या अळ्यांपाशीही मुंग्या असतात. अशा माळावर काय करावे आणि काय करू नये, हे ठरवण्यापूर्वी तेथे कोण कोणाच्या आधाराने राहतो, हे विचारून घेणे बरे.

इंग्लंडमधल्या त्या निळ्या पाखराचे नाव १७५८ साली ठरले, त्या देशातील त्याची नोंद १७९५ साली झाली, १९१५ साली त्याचे अन्न कळले, आणि त्याचा खरा यजमान १९७०नंतरच्या दशकात ओळखू आला. एवढी वर्षे हे सारे लोक एकाच पाखराकडे पाहत होते आणि प्रत्येकाने आधीच्यापेक्षा थोडे अधिक पाहिले. यंदाच्या पावसाळ्यानंतर गावाबाहेरच्या माळावर फिरायला जाणाऱ्या श्रोत्यांनी एखाद्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखरापाशी घटकाभर थांबावे. ते कोणत्या झाडावर अंडे घालते आणि तिथे कोणती मुंगी येते, हे पाहून ठेवावे, जमल्यास लिहून ठेवावे. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.